मेडिकलची सीट आणि एक निनावी फोन

नेरच्या ठाण्यात आलेला तो फोन आठवला की मला अजूनही हसू येतं. मी तिथे ठाणेदार होतो. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नाही.

"साहेब, गावातल्या ज्या पोरीचा मेडिकलले नंबर लागला न, ते आपल्या राज्यातली नाही. तिकडं एमपीतल्या बैतूलची हाय. खोटे कागद करून सीट घेतली."

तशीच तक्रार त्याने कॉलेजलाही केली होती. राज्याच्या कोट्यातल्या जागेसाठी दहावी-बारावी इथलीच हवी, शिवाय रहिवासी दाखला लागतो. कॉलेजने प्रवेश थांबवून आमचा अहवाल मागितला.

स्टेशन डायरीला नोंद करून मी जमादाराला घेऊन मुलीच्या घरी गेलो. वडील घाबरून शेतातून धावत आले. मुलगी मात्र ठाम होती.

"सर, मी जन्मली बैतूलले, मामाच्या घरी. पन बालवाडीपासून इथंच शिकली. कोनालेही इचारा."

शाळेत विचारलं, तहसीलमध्ये दाखला पडताळला. सगळं खरं निघालं. मग हा उपद्व्याप कोणाचा?

पठ्ठ्याने फोन स्वतःच्याच मोबाईलवरून केला होता. नंबर निघाला त्या मुलीच्याच कबड्डी प्रशिक्षकाचा. त्याला ठाण्यात बोलावून चहा मागवला. फोनचा विषयच काढला नाही. आवडीच्या विषयावर माणूस सैल बोलतो, म्हणून त्याच्या संघाचं कौतुक सुरू केलं. तो खुलला.

"खेळाडू बाहेरून आणता की काय?" मी विचारलं.

"काय बोलता साहेब! एक एक पोरगी याच तालुक्यातली. बाहेरची चालतच नाही."

"आणि ती डॉक्टर व्हायला निघालेली?"

"ते तं आपल्या..." तो अडखळला.

"नेरची, का बैतूलची?"

त्याने मान खाली घातली. "साहेब, पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धा हाय. ते गेली तं चढाईले कोन जाईन? सीट अटकली तं थांबन, असं वाटलं."

जमादार हसू दाबत बाहेर पळाला.

मी अहवाल लगेच पाठवला. बाप-लेकीला ठाण्यात बोलावलं. मुलीने त्याला ठाण्यातच झापलं, "सर, मले इचारायचं होतं न! सुट्टी काढून आली असती खेळाले." वडील तक्रार द्यायला तयार नव्हते. मी सक्त ताकीद देऊन त्याला सोडलं. तिचा प्रवेश झाला, तरी स्पर्धेला ती खरोखर आली आणि मीही बघायला गेलो.

तोवर खोटी टीप आली की मी वैरी शोधायचो. त्यानंतर संशयितांमध्ये जीव लावणारी माणसंही धरू लागलो.