आधी पाणी, मग रंग

कोंडाबाईंना चाळीस नाटकं तोंडपाठ होती, लिहिता मात्र फक्त सही यायची. बाई हदगावकडच्या. छप्पन साली आईबापांनी धम्म घेतला तेव्हा सात वर्षांच्या होत्या. कापूस वेचता वेचता गाणी म्हणायला लागल्या, तिथून नाटकात आल्या. आमच्या मराठवाड्यात जत्रेला गावचे गडी नाटक बसवतात आणि बायकांच्या भूमिकांना आमच्यासारख्या नट्या शहरातून बोलावतात. सकाळी एसटीतून उतरायचं, दुपारी एकदा वाचन, संध्याकाळी राणी व्हायचं. मी कुसुम, लातूरच्या एका मास्तरांची मुलगी. त्या राजमाता व्हायच्या, मी त्यांची सून. सहा वर्षं आमची जोडी होती.

त्या सहा वर्षांत एक गोष्ट मला दिसली नाही, याची चीड अजून जात नाही. पहिली चीड माझीच. नाटक संपलं की मला कुणाच्या तरी न्हाणीत गरम पाणी मिळायचं. कोंडाबाई मंडपातच नुसत्या तेलाच्या चिंधीनं तोंड पुसायच्या. मला वाटायचं, सवय असेल. सवय कसली! जे लोक राजमातेच्या पाया पडायचे, त्यांच्या रांजणाला या बाईचा हात चालत नव्हता.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. कमानी लागल्या, कचेऱ्या आल्या, नळ तेवढे कोरडे. गावोगावी नाटक मंडळाच्या लोकांना आयतं निमित्त मिळालं, "दुष्काळ हाय बाई, पाणी कुठलं?" माझ्यापुरतं पाणी मात्र दुष्काळातही निघायचं. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

कोंडाबाईंनी नांदेड-लातूरच्या अकरा नट्या गोळा केल्या आणि युनियनचा अर्ज घेऊन नव्या कचेरीत गेल्या. कारकून हसला. म्हणाला, "नाटक म्हणजे हौस. हौसेला युनियन कशाला?"

"हौस गावाला हाय सायेब," कोंडाबाई म्हणाल्या, "आमी मजुरी करून राहिलो."

आमच्यात एक समजूत आहे. एकदा तोंडाला रंग लागला की नट माघारी फिरत नाही, रंगदेवता कोपते. मंडळवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून उतरल्या उतरल्या त्यांची घाई, "आधी रंगून घ्या, बाकीचं बघू." म्हणूनच युनियनचा पहिला नियम ठरला: आधी पाणी, मग रंग. तोंड धुवायचं पाणी समोर आल्याशिवाय रंग लावायचा नाही, आणि पाणी सगळ्या नट्यांना एकाच घागरीतलं.

पहिली कसोटी औशापलीकडच्या एका गावात लागली. मंडळाचे शेषेराव आमच्या नियमाच्या पत्राला "हाव, हाव" म्हणाले होते. दिवस मावळत होता. कोंडाबाई पाणी बघायला गेल्या आणि मी मूर्ख, सवयीनं आरशापुढे बसून रंगून मोकळी झाले.

कोंडाबाई रिकाम्या हातांनी परत आल्या. मागोमाग शेषेराव. "कुसुमताईचं पाणी घरात ठिवलंय. तुमचं बघू, टँकर आला न्हाई."

"मग रंग न्हाई," म्हणत कोंडाबाई खाली बसल्या.

शेषेराव माझ्याकडे बघून हसले. "न्हाई तर न्हाई. हिच्या जागी एखादा गडी लुगडं नेसून हुबा राहील. तुमाला काय आता माघारी फिरता येत न्हाई, ताई."

दुसरी घंटा झाली. अकरा बायकांची युनियन माझ्या रंगवलेल्या थोबाडावर अडली होती. मला इतका राग आला की मी आरशापुढून उठले.

"माझं पाणी आणा," मी म्हणाले.

तहान लागली असेल असं समजून त्यांनी घागर आणवली. मी ती कोंडाबाईंपुढे सरकवली. "घाला बाई माझ्या तोंडावर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग घागरीत हात घातला आणि ओंजळ भरून माझ्यापुढे धरली. मी तोंड धुतलं. रंग निम्माच गेला.

"आरं, पाणी बाटिवलं की!" शेषेराव ओरडले.

"पाणी चांगलं हाय," कोंडाबाई म्हणाल्या. "नाटक होत न्हाई तुमचं."

अर्धा रंग तोंडावर घेऊन मी त्यांच्याबरोबर औशाच्या रस्त्याला लागले. रंगदेवता काही कोपली नाही. गावं मात्र कोपली. चार महिने आम्हाला कुणी बोलावलं नाही, पण नट्यांमधली एकही फुटली नाही. शेवटी शिरूर अनंतपाळच्या मंडळानं पत्र पाठवलं, "घागर भरून ठेवतो, या."

त्या नाटकानंतर कोंडाबाईंनी पहिल्यांदा पाण्यानं तोंड धुतलं. कंदिलाच्या उजेडात मला त्यांचे गाल दिसले. न धुतलेल्या रंगातल्या सफेद्यानं सोलून निघालेले, डागच डाग. सहा वर्षं नाटकात सून होऊन, त्यांच्या शेजारी उभी राहून मी त्यांचे आशीर्वाद घेतले होते, आणि ते गाल मी कधी बघितलेच नव्हते.