अनसाक्कांनी निवडलेला पेशंट

प्रिय सई आणि अमेय,

परवा तुमच्यापैकी एकाने फोनवर सांगितलं, की मनाच्या डॉक्टरांकडे जाणं सुरू केलं आहे. आणि लगेच आवाज उतरवून म्हटलं, "आजी, नगरमध्ये कुणाला सांगू नकोस हं." मी सांगणार नाही. पण फोन ठेवल्यावर मला अनसाक्का आठवल्या. तुम्हाला त्या माहीतच नाहीत, हे काही बरोबर नाही. म्हणून आज सकाळची कामं उरकून लिहायला बसले.

मी नगरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तेव्हा अनसाक्का तिथे शिपाई होत्या. चाळिशीच्या, उंच, विधवा. घरी त्या आणि मॅट्रिक झालेली मुलगी विमल. त्यांना काही विचारलं की चटकन उत्तर मिळत नसे. आधी हातातला झाडू भिंतीला टेकवायच्या, पदर सारखा करायच्या, मग म्हणायच्या, "आता इचारा." जणू मधल्या वेळात आपला प्रश्न शिळा झाला असेल.

बाहत्तर साल होतं. आमच्या हौशी मंडळींनी नाटक बसवायला घेतलं. मनोरुग्णालयातला एक पेशंट बरा होतो, डॉक्टर सुटीच्या कागदावर सही करतात, पण त्याला न्यायला शेवटच्या प्रवेशापर्यंत घरचं कुणी येत नाही, अशी गोष्ट. बँकेत काम करणारे वसंतराव लेखक आणि दिग्दर्शक, आणि वहीपेन्सिल माझ्याकडे. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पात्रनिवड ठेवली. मी व्यवस्थित रकाने आखले होते: हसणे, ओरडणे, डोळे फिरवणे, प्रत्येकी दहा गुण. आज त्याची लाज वाटते.

पेशंटच्या कामासाठी अकरा जण आले. अकराही जण गडगडाटी हसले. एकाने स्वतःचा सदरा फाडला, एकजण माझ्या टेबलाखाली शिरला. अनसाक्का दाराशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. वसंतराव गमतीने म्हणाले, "काय अनसाक्का, कोणता वेडा पसंत?"

झाडू भिंतीला टेकला. पदर सारखा झाला. "ह्यातला एकबी न्हाई. हे समदे दारू प्यालेत. येडं मानूस वाट बघतंय, साहेब. दिसभर दाराकडं बघत बसतंय. ते बघा, तसं."

हॉलच्या टोकाला पुणतांब्याचे कदम गुरुजी बाकावर बसले होते. टोपी मांडीवर, नजर दारावर. सदरा फाडणाऱ्या मित्राला सोबत म्हणून आलेले.

"ह्यांना घ्या," अनसाक्का म्हणाल्या.

गुरुजी दचकून उठले. "अहो, मी नाही यातला! मी नुसता ह्यांच्याबरोबर आलोय!"

"आयकलं? त्योबी असंच म्हनतो."

सगळे हसले. गुरुजींची निवड झाली. 'त्यो' कोण, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मी संध्याकाळी हॉलला कुलूप लावताना विचारलं.

त्यांचा धाकटा भाऊ दत्तू पाच वर्षं पुण्याकडच्या मनोरुग्णालयात होता. नातेवाइकांना सांगितलेलं, मुंबईला गिरणीत आहे. दर दोन महिन्यांनी अनसाक्का शेंगदाण्याचे लाडू घेऊन एस.टी.ने जात. आता तो बरा झाला होता. घेऊन जा, असं डॉक्टर दोनदा म्हणाले होते. पण विमलचं कर्जतच्या एका घरी जमत आलेलं. दुष्काळामुळे लग्न पाचपंचवीस माणसांत उरकायचं होतं.

"एकदा अक्षता पडू द्या, बाई, मंग आनते त्याला."

"आणि तो काय म्हणतो?"

"काय म्हनतोय! म्हनतो, आक्का, तुजी अडचन मला कळती." मग त्यांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं. "तसं म्हनला नसता तर बरं हुतं."

तालमी सुरू झाल्या. न्यायला येणारी बहीण एकाच प्रवेशात होती. ते काम आमच्यातल्या एका कारकुनाची बायको करत होती. प्रयोगाला आठवडा असताना तिचे सासरे स्वतः आले आणि फार अदबीने म्हणाले, "सूनबाईंना वेड्याची बहीण सोडून दुसरं कोणतंही काम द्या. आमच्या दोन मुलांची लग्नं व्हायची आहेत." नाटकातल्या भावाचाही विटाळ! वसंतरावांनी कपाळाला हात लावला आणि अनसाक्कांकडे बघितलं. त्यांना सगळं नाटक पाठ होतं.

त्या उभ्या राहिल्या. गुरुजी बाकावर, टोपी मांडीवर. वाक्य एवढंच: "चल, घरी जाऊ." अनसाक्कांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तीनदा असं झालं.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, परवाच त्याला म्हनून आले, अजून थोडं थांब. आन् हितं लोकांपुढं ह्ये म्हनू? उद्या रजा टाका. माझ्यासंगं कर्जतला चला. आदी सांगून येते, मंग तोंडाला रंग लावीन."

मी म्हटलं, "नाटक आपण बंद करू. विमलचा विचार करा."

"इतकी वर्षं त्योच केला की."

कर्जतला त्या ओसरीवर बसल्या आणि पाणी पिण्याआधीच सगळं सांगितलं. मुलाच्या आईने विचारलं, "मंग आदी का न्हाई सांगितलं?"

"भ्याले."

मुलाच्या वडिलांनी पाण्याचा तांब्या अनसाक्कांपुढे सरकवला. म्हणाले, "पोरगी लई चांगली हाय, आक्का. पर आमाला अजून दोन पोरी उजवायच्यात." मग त्यांनी आम्हाला चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही. फाट्यावर सोडायलाही आले. त्यांचा राग करावा, असं काही त्यांनी ठेवलं नाही. म्हणूनच परतीचा प्रवास फार जड गेला.

विमल दारातच उभी होती. अनसाक्का म्हणाल्या, "मोडलं गं." विमल आत गेली. स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात वाजली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. डोळे सुजले होते. म्हणाली, "मामाला कधी आनायचं? मला आदी सांगितलं असतंस तर मीच त्यांना सांगितलं असतं." मग रागानेच आईपुढे ताट ठेवलं.

प्रयोग झाला. अनसाक्का गुरुजींपाशी गेल्या, त्यांची टोपी उचलून झटकली, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "चल, घरी जाऊ." टोपीचं वसंतरावांनी लिहिलंच नव्हतं. गुरुजींना पुढचं वाक्य आठवेना. ते नुसते उठले आणि त्यांच्या मागे चालू लागले. पडदा पडल्यावर वसंतरावांनी अनसाक्कांना वाकून नमस्कार केला, तर त्या म्हणाल्या, "सरका, हॉल झाडायचाय."

पुढच्याच आठवड्यात मायलेकी जाऊन दत्तूमामाला घेऊन आल्या. गल्लीत वर्षभर कुजबुज झाली, मग लोक कंटाळले. त्याच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत. पुढे तो एका छापखान्यात बाइंडिंग करू लागला. विमलचं लग्न तीन वर्षांनी झालं. पाहायला आलेल्यांना चहा दत्तूमामानेच दिला, आणि तो कोण, हे अनसाक्कांनी कप हातात पडायच्या आधी सांगितलं.

अनसाक्का आता नाहीत, दत्तूमामाही नाही. विमल आहे. ती नगरलाच असते, आणि माहेरी कोण कोण होतं असं कुणी विचारलं, तर मामाचं नाव सांगते.

तुमची,
आजी