धनज ते हनोई आणि परत

“पोट्टी बोलत काईच नाई, पन तिचे पाय घरात टिकून नाई राह्यले. संक्रांतीपरेंत राह्यली तं मले सांगजो!”

हे माझ्या सासूबाई माझ्याबद्दल मोठ्या आईंना सांगत होत्या. मोठ्या आई म्हणजे चुलतसासूबाई, शेजारच्याच घरात राहतात. दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, गच्चीत, वाळत घातलेल्या चादरीमागे. उतरायचं तर आमच्या जिन्याची लोखंडी पायरी वाजते. म्हणून चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिले, शेंगा संपेपर्यंत!

लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी आणि धीरज पुण्यातल्या नोकऱ्या सोडून पाठीला सॅक लावून निघालो. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड. पाच महिने. परत येऊन धनजला, सासरी, महिना झाला. मला वाटायचं, अशा प्रवासाचे किस्से तिकडे घडतात. छे! निम्मे तर घरी आल्यावर घडले. आणि जी बोलत नाही तिच्याकडे ते जरा जास्तच साठतात, कारण तिच्यासमोर लोक बिनधास्त बोलतात.

सासूबाईंचं वाक्य मात्र अर्धंच खरं होतं. पाय टिकत नव्हते ते धीरजचे. जॉर्जियातल्या एका द्राक्षमळ्यातून त्याला मेल आला होता: सहा महिने काम करा, राहणं-खाणं आमच्याकडे. पठ्ठ्याने “दोघं येतो” असं कळवूनही टाकलं! घरी सांगायचं काम माझ्याकडे.

“तू सांग ना. तुला कोणी रागावत नाही.”

रोज संध्याकाळी विचारायचा, “सांगितलंस?” मी म्हणायचे, “नाही.” मला जायचंच नव्हतं, हे मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

* * *

हनोईच्या हॉस्टेलवर पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी हाफ पँट आणि टी-शर्टवर होते. स्क्रीनवर सासूबाई, मोठ्या आई आणि मागे बाबांची टोपी.

“अवं, डोक्श्यावर पदर घे! तुहे सासरे हायेत मांगं!” मोठ्या आई ओरडल्या.

पदर कुठून आणू? खाटेच्या दांडीवरचा ओला टॉवेल ओढला आणि डोक्यावर घेतला. शेजारच्या खाटेवरची जर्मन मुलगी हे बघत होती. तिला वाटलं, घरी फोन करताना आमच्यात असंच करतात. तिनेही आपला टॉवेल डोक्यावर घेतला, माझ्या खांद्याशी येऊन कॅमेऱ्याला दोन्ही हात जोडले.

मोठ्या आईंनी सासूबाईंना कोपराने ढोसलं.

“पाह्य! थ्या गोरीले समजते, अन् आपल्या पोट्टीले सांगा लागते!”

* * *

माझे सासरे एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं कारंजा, मानोरा, पोहरादेवी. जगातला कुठलाही देश असो, त्यांचा पहिला प्रश्न गाडीचा. हनोईहून सायगॉनला आम्ही बसनेच गेलो, दीड दिवस लागला, हे कळल्यावर ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

“डायवर एकच?”

“नाही बाबा, दोन होते.”

“कंडक्टर?”

“होता. गाडीत चढताना प्रत्येकाच्या हातात एक पिशवी द्यायचा. चपला काढून त्यात टाका, मगच वर या.”

बाबा उठून अंगणात गेले. रात्रीचं जेवण झालं, हात धुतले, तरी गाडीचा विषय नाही. मला वाटलं, काही चुकीचं बोलले की काय. अंथरुणावर पडल्यावर अंधारातून आवाज आला, “तीस वर्सं गाडीतला चिखल पाह्यला. मले हे काहून नाई सुचलं बाप्पा!”

* * *

मोठ्या आईंना बॅकपॅकिंग म्हणजे काय ते धीरज समजावून सांगत होता. पाठीवर सामान घ्यायचं, मिळेल त्या गाडीत चढायचं, एका खोलीत दहा जण झोपायचं, मिळेल ते खायचं.

“पोहरादेवीच्या जत्रेत आमी दुसरं काय करतो?”

“तसं नाही मोठ्या आई. हे महिनोन्‌महिने चालतं. मध्ये मध्ये लोक कामंही करतात, शेतावर वगैरे.”

मोठ्या आईंनी हातातली शेंग सुपात ठेवली.

“मंग असं सांग ना. आपल्या गावच्या तांड्यातलं एक जोडपं दरसाल दिवाई झाली का पाठीवर बिऱ्हाड घेऊन ऊस तोडाले जाते. त्याहीले कोनी म्हनत नाई, या, बसा, फोटो दाखवा!”

धीरज हसला. मी नाही हसले. लाओसमध्ये, कंबोडियात, कुठल्याही स्टँडवर गठुडी घेऊन बसलेली माणसं दिसली की आम्ही त्यांचा फोटो काढत होतो, हे मला त्या क्षणी आठवलं.

* * *

लाओसमधलीच गोष्ट. एका खेड्यात बस बंद पडली. रस्त्याकडेला एक बाई दगडी खलात मिरच्या आणि लसूण कुटत बसली होती. ठक, ठक, ठक. मी खाली उतरले आणि तिच्यासमोर जमिनीवर जाऊन बसले. वास नाकात गेला आणि काय झालं कोण जाणे, मी हुंदके देऊन रडायला लागले. माझं माहेर अकोल्याचं, त्यामुळे ठेच्यासाठी रडणं माझ्या रक्तातच असावं! त्या बाईने न विचारता केळीच्या पानावर गोळाभर कुटलेलं वाढलं आणि चिकट भाताचा एक मुटका हातात दिला.

धीरजने लांबून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. “लोकल लाइफ!”

फोटोत माझं तोंड उघडं आणि डोळे मिटलेले. इकडे सासूबाईंनी तो अख्ख्या आळीला दाखवला म्हणे.

“पाहा, कशी खदाखदा हासून राह्यली! तिले तिकडंच करमते.”

* * *

परतीचा दिवस. नागपूरला विमानातून उतरलो, रात्रभर गाड्या बदलत सकाळी कारंजाला पोचलो. धनजच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सॅकसकट कशीबशी एका सीटच्या कोपऱ्यावर टेकले, तोच उभ्या असलेल्या एका म्हातारीने आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. विचारलं नाही, काही नाही.

“धरजो माय जरासं.”

पिशवीत कोथिंबीर होती, ओली. पाच महिन्यांत चार देश झाले. लोक चांगले भेटले, हसले, रस्ते दाखवले, पण माझ्या मांडीवर कोणी पिशवी ठेवली नव्हती.

“कुठून येऊन राह्यली?” म्हातारीने विचारलं.

“बँकॉकहून.”

“हां. अन् उतरनार कुठं?”

“धनजला.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली. इकडे बायकाही ‘येतो, जातो’च म्हणतात. “मी त्याच्या आंधीच उतरतो.”

* * *

पाच महिने मी रोज झोपताना कढी-गोळ्यांची, कढीतल्या वाटल्या डाळीच्या गोळ्यांची, स्वप्नं बघत होते. खोटं नाही सांगत! थायलंडमध्ये एकदा झोपेतच “अजून एक गोळा” म्हणाले, असं धीरज सांगतो.

घरी पोचलो. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. पाय धुतले, पाटावर बसवलं. सैपाकघरातून फोडणीचा वास आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सासूबाई मोठं ताट घेऊन आल्या, पदराने घाम पुसला आणि लाजत म्हणाल्या, “मोबाईलवर पाहून पाहून केलं वं. तुले आता याचीच सवय असंन.”

ताटात नूडल्स होत्या.

दोनदा मागून घेतल्या!

* * *

तिकडे दर तिसऱ्या दिवशी मुक्काम हलायचा. ते शरीरात इतकं भिनलं, की घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, अंथरुणाची घडी घातली, ब्रश-साबण पिशवीत भरला आणि चपला घालून दाराशी उभी राहिले. मग लक्षात आलं, आज कुठे जायचंच नाही. उद्याही नाही. इतकं बरं वाटलं की तिथेच पायरीवर बसून एकटीच हसले.

मागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांना दिसल्या त्या फक्त चपला आणि पिशवी.

“कुठं चालली वं?”

“कुठेच नाही, आई.”

सहाव्या दिवशी परत तेच. नवव्या दिवशी परत! शरीराला कोण समजावणार?

दहाव्या दिवसापासून सासूबाईंनी उपाय सुरू केला. धीरजची सॅक धुतली. वाळली की परत धुतली. “धूळ लय बसते इकडं,” म्हणत एक दिवसाआड ती सॅक हौदावर! ओली सॅक घेऊन जगात कोणी कुठे निघत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. माझी सॅक मात्र दिसेना. शोधता शोधता कोठीच्या खोलीत सापडली. गळ्यापर्यंत तुरीची डाळ भरून, वर फडकं बांधलेलं. मी उचलून पाहिली. हलेना.

सैपाकघरातून आवाज आला, “जड हाय का वं?”

“हो, आई.”

“बरं झालं!”

* * *

मागच्या रविवारी वावरात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची भाजी, वरण. चारी बाजूंनी शेंगांनी वाकलेली, सोंगणीला म्हणजे कापणीला आलेली तूर उभी. बाबा, सासूबाई, मोठ्या आई, आम्ही दोघं, पत्रावळी मांडून गोल बसलो. धीरजने रोडगा फोडला, त्यावर तूप ओतून घेतलं आणि पत्रावळीकडे बघत म्हणाला,

“आई, बाबा, हिचं असं म्हणणं आहे, की अजून एकदा सहा महिने बाहेर जाऊन यावं. जॉर्जियात. एका द्राक्षमळ्यात काम आहे.”

हिचं! माझा घास हातातच राहिला.

बाबांनी विचारलं, “कायचं काम?”

“वेली बांधायचं, छाटायचं, तोडायचं. शेतीचंच.”

बाबांनी एकवार चौफेर तुरीवर नजर फिरवली. “अन् हे कोन सोंगन?”

“मी कुठे म्हणतोय बाबा? हिची लय इच्छा आहे.”

“तू म्हनत होती तेच झालं!” मोठ्या आई सासूबाईंना म्हणाल्या. तुपाची वाटी सासूबाईंनी खाली ठेवली आणि डोळ्यांत धूर गेल्यासारखं तोंड वळवलं. धूर दुसरीकडे जात होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. महिनाभरात मी या लोकांसमोर “हो, आई”, “नाही, बाबा” आणि विचारलं तेवढं उत्तर, याच्यापुढे गेले नव्हते. हातातला घास पत्रावळीवर ठेवला.

“आई, धीरजले जायचं हाय, मले नाई. त्याले खुशाल जाऊन येऊ द्या. मी तुमच्यासंग तूर सोंगतो. अन् तो वापस आला की सांगा, फाट्यावर त्याले घ्याले मी येतो.”