लग्न खेळवणारी सारोते

सारोतेच्या हातात विणकामाचं बोटच नाही, असं तिच्या सासूने लग्नाला आठवडा व्हायच्या आत चार बायकांसमोर सांगून टाकलं. तिपोरियो दारात जाळं सुकवत होता. बायकोने मान वर केली नाही, पण तिचा जबडा आवळलेला त्याला दिसला. तिथून पुढे एकतीस वर्षं त्या बोटांना विसावा मिळाला नाही.

रोटुमा बेटावर लग्न असो की मयत, पांढऱ्या चटईवाचून काही होत नाही. केवड्याच्या पानांचे काटे काढायचे, पानं समुद्रात मुरवायची, उन्हात पांढरी करायची, शिंपल्याने खरवडून मऊ करायची, बारीक पट्ट्या काढायच्या आणि मग महिनोन् महिने विणत बसायचं. सारोतेची वीण इतकी नावाजली की बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या बायका नुसती बघायला यायच्या. शेवटी सासूही मरताना म्हणाली, "मला हिच्याच चटईवर निजवा." तिपोरियोला वाटलं, झालं, जिंकली ही. आता थांबेल. पण सासूला माती देऊन आल्यावर सारोतेने हात धुतले आणि नवी चटई विणायला घेतली, आधीपेक्षाही बारीक.

मुलगा दूर सुवा शहरात शिकायला निघाला त्या दिवशी "ही एवढी ओळ संपवून येते" म्हणाली. धक्क्यावर पोचली तेव्हा जहाज खडकांच्या बाहेर गेलं होतं. त्या रात्री विणलेलं सगळं तिने उसवलं. "वीण सैल पडली," म्हणाली. घरात हे वाक्य मिठासारखं रोजचं होतं.

डिसेंबर लागला की बेटावर खेळाचे दिवस सुरू होतात. सहा आठवडे कोणी शेतात जात नाही. गाणाऱ्यांच्या टोळ्या दारोदार येतात, यजमानाने त्यांच्या अंगावर पावडर शिंपडायची, अत्तर लावायचं, कलिंगड कापायचं. सारोतेच्या दारी पावडरचा डबा घेऊन एकटा तिपोरियो उभा राही. आतून पट्ट्या सरकल्याचा आवाज येई. गाणारे म्हणत, "काका, काकू घरात आहेत की चटईत?"

लग्नाला एकतीस वर्षं झाली त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात शेजारची जिएनी आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "सारोते, लग्न तू खेळवायचंस."

तिपोरियोच्या हातातली करवंटी खाली पडली. लग्न खेळवणारी बाई म्हणजे त्या दिवसाची राणी आणि विदूषक, दोन्ही. हातात काठी घेऊन ती सगळ्यांना नाचवते, उन्हात बसवते, वाटेल ते बोलते. गागाजसुद्धा, म्हणजे जिल्ह्याचा मुखिया, तिच्यापुढे ब्र काढत नाही. एरवी त्याच गागाजच्या समोरून जाताना बायका वाकून जातात.

"वेड लागलंय तुला," सारोते म्हणाली. "बेटावरच्या हसवणाऱ्या बायका काय जहाजात बसून गेल्या?"

"माझ्या आजीने नाव घेतलंय तुझं. म्हणाली, त्या दगडालाच बोलवा."

"मला गंमतजंमत येत नाही गं."

"नाही येत तर नको करूस. काठी धरून उभी राहा. पण नाही म्हणायची सोय नाही, हे तुलाही ठाऊक आहे."

नव्हतीच सोय. नवरीकडच्यांनी एकदा नाव घेतलं की बेटावर कुणी ते मोडत नाही. सारोतेने मांडीवरच्या चटईकडे बघितलं. "अख्खा दिवस जाईल," ती पुटपुटली. दिवस गेला म्हणजे काहीतरी चोरीला गेलं, असा तिचा चेहरा झाला होता.

लग्नाच्या सकाळी जिएनीच्या बहिणींनी तिला कुणाचा तरी मोठा शर्ट घातला, डोक्यावर पानांचा टोप बसवला, हातात काठी दिली. नवरानवरी चटयांच्या राशीवर बसली. भट्टीतून डुकराचा आणि अळूच्या कांद्यांचा वास सुटला होता. सारोते मांडवाच्या मधोमध उभी राहिली, ती उभीच राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिपोरियोने नजर पायांकडे वळवली. हिला घेऊन घरी जावं, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात ती चालायला लागली. सरळ गागाजसमोर गेली, त्याचा हात उचलला, उलटासुलटा करून बघितला, बोटांनी दंड चाचपला आणि नाक मुरडलं.

"हे पान कुणी तोडलं?" तिने खणखणीत आवाजात विचारलं. "ओलं आहे अजून! ए, ऊठ तू. उन्हात जाऊन पड."

'तू' म्हणाली. गागाज साठीचा, धिप्पाड माणूस. तो उठला, अंगणात गेला आणि भर उन्हात चक्क आडवा झाला. मग जो हशा उसळला, त्याने नारळावरची पाखरं उडाली.

सारोते थांबलीच नाही. मुख्याध्यापकांना पकडलं, "याला काटे फार," म्हणून त्यांच्या खिशातली पेनं एकेक करून उपटली. पाद्रीबाबांच्या पाठीवर शिंपला घासून त्यांना मऊ केलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरला "जा, समुद्रात मुरत पड" म्हणून पिटाळलं, आणि तो कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. मग सोळा बाप्ये अंगणात ओळीने निजवले, आठ उभे, आठ आडवे, आणि ती त्यांना विणायला लागली. याचा हात त्याच्या खालून, त्याचा पाय याच्या वरून. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. जिएनीची आजी डोळे पुसत होती.

विणून झाल्यावर सारोते दोन पावलं मागे सरकली. डोकं तिरकं केलं, एक डोळा मिटला. तिपोरियोला ते तिरकं डोकं पाठ होतं.

"वीण सैल आहे," ती म्हणाली. "उसवा सगळं!"

अंगण पुन्हा हसलं, तिपोरियो मात्र हसला नाही. बघतच राहिला. एकतीस वर्षं जे घरात एकट्याने सोसलं, ते ही बाई साऱ्या जिल्ह्यापुढे उलगडून दाखवत होती. चेष्टा बाप्यांची चालली होती, पण चेष्टेतली विणकरीण ती स्वतःच होती. हे तिला दिसत होतं! कधीपासून दिसत असेल?

मग तिने काठी वर केली. "आता ऐका. कुणी काही करायचं नाही. वाढायचं नाही, गायचं नाही, बोलायचं नाही. मी सांगेपर्यंत."

वाढप्यांचे हात टोपल्यांवर थांबले. पोरं गप्प झाली. चारशे माणसं होती, आणि खडकांवर फुटणाऱ्या लाटांशिवाय काही ऐकू येईना. भट्टीचा धूर सरळ वर चढत होता. कुणीतरी पानांतून हिंडणारा खेकडा बघत होतं. नवरीने डोळे मिटले होते. गागाज उन्हात पडल्या पडल्या आभाळाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. किती वेळ गेला कुणी सांगू शकलं नाही. तिपोरियोच्या अंगावर काटा आला. चर्चमध्ये येतो तसा, पण चर्चमध्ये इतका कधी आला नव्हता.

या सगळ्याच्या मधोमध सारोते उभी होती, रिकाम्या हातांनी. काठी तिने कधी खाली टाकली हे त्याने पाहिलं नाही. ती आपल्या बोटांकडे बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती हसली, पोटातून, मोठ्याने. तो आवाज तिपोरियोने शेवटचा साखरपुड्याच्या वर्षी ऐकला होता.

घरी परतताना त्याने विचारलं, "कुठून आणलंस हे सगळं?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. चार पावलं चालून थांबली. "ते गप्प बसले ना, तेव्हा मला भीती वाटली रे. इतकं मोठं असतं ते? रोज असतं?"

"काय?"

तिने हात हलवून समुद्र, रस्ता, झाडं असं काहीतरी दाखवलं आणि पुढे चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती विणायला बसली, नाही असं नाही. पण चर्चची चारची घंटा झाली तशी तिने चटई गुंडाळली, वर दगड ठेवला आणि जिएनीच्या ओट्यावर जाऊन बसली. पहिले काही दिवस तिथेही तिची बोटं मांडीवर चाळवत. जिएनी त्यांच्यावर चापट मारायची, "ए, सुट्टी आहे!" सुवाच्या एका दुकानाचा फोन आला, एक चटई जानेवारीत हवी म्हणून. सारोतेने सांगितलं, "मार्चमध्ये विचारा. आत्ता आमचे खेळाचे दिवस आहेत." फोन ठेवला आणि चटईकडे न बघता ती जिएनीकडे गेली.

त्या नाताळात ती तिपोरियोला घेऊन गाणाऱ्यांच्या टोळीबरोबर तीन गावं फिरली. आवाज बेसूर होता, पाठ नसलेल्या ओळी ती मोठ्याने चुकवायची. एका गावी पाऊस लागला म्हणून दोघं मुक्कामाला राहिली. घरी आली तेव्हा चटईला ओल लागून आठ ओळी काळवंडल्या होत्या. तिपोरियो श्वास रोखून बघत राहिला. सारोतेने चटई उजेडात धरली, जिएनीपासून गागाजपर्यंत सगळ्यांच्या नावाने खडे फोडले, आणि त्या आठ ओळी उसवल्या.

मग केसांतली पावडर झटकत म्हणाली, "चहा ठेव रे. उद्या बघू."