द्वारकाबाईचा उजवा पाय

द्वारका जन्मली ती पायांकडून, म्हणजे पायाळू. अख्ख्या लोधिवलीत कुणाच्या पाठीत उसण भरली की तो सरळ तिच्या दारात येऊन पालथा पडायचा, आणि ती उजव्या पायाने पाठीवर तीन लाथा हाणायची. माणूस हसत उठायचा. त्या पायाचा तोरा तर काय विचारता! देवळात गेली तरी बायका आधी पायाकडे बघायच्या.

सगळ्यात जास्त लाथा खाल्ल्या तिच्या मुलाने, नवनाथने. पोरवयापासून महिना-दोन महिन्यांनी त्याच्या डाव्या कुशीत कळ यायची. लाथा बसल्या की तासाभरात उतरायची. मग डॉक्टर हवा कशाला?

चौतिसाव्या वर्षी लघवीतून रक्त गेलं, तेव्हा कुठे दोघं पनवेलच्या इस्पितळात गेली. नवनाथ तपासणीला आत होता. डॉक्टरीणबाईंनी द्वारकेला कागदावर चित्र काढून दाखवलं. किडनीतून लघवी उतरते ती नळी जन्मापासूनच अरुंद. पाणी तुंबून किडनी फुगलेली. पोटाला बारीक भोकं पाडून रोबोटचे हात आत घालायचे, डॉक्टरीणबाई बाजूला बसून ते चालवणार, अरुंद भाग कापून नळी पुन्हा जोडणार.

"तोवर तिथे धक्का लागू देऊ नका," त्या म्हणाल्या. "किडनी फुटली तर जिवावर बेतेल."

 धक्क्याचं द्वारकेने नवनाथला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

ऑपरेशनला दोन दिवस असताना सकाळीच कळ आली. नवनाथ ओटीवर पालथा पडला.

"आये, पाय मार गं."

ती उभी राहिली. आणि मेला पाय, सवयीने उचललाच गेला! तिने खांब गच्च धरला.

"नाय रं. फुटंल."

"गावाला मारतीस, मला नाय?"

मग खाली बसून, दोन्ही पाय साडीत गुंडाळून तिने सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. गोळीने कळ उतरली, पण दोन दिवस तो आईशी एक शब्द बोलला नाही.

ऑपरेशन चार तास चाललं. किडनी वाचली, पण निम्मीच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या.

"आत जुनं रक्त साकळलेलं होतं. कधी मार लागला होता का?"

द्वारकेने उजवा पाय खाटेखाली ओढला.

नवनाथने तिच्याकडे पाहिलं नाही. "बैलानं लाथ मारली व्हती. ल्हानपणी."

त्यांच्या घरी बैल कधीच नव्हता.