मांडीवरचा नारळ

माझे पुढचे चार दात खोटे आहेत. वर्गात शिकवताना मध्येच शीळ वाजते आणि पोरं पुस्तक तोंडासमोर धरून हसतात. मी त्यांना रागवत नाही. बाकी सगळ्या गोष्टींचा राग माझ्या नाकावर असतो, पण दातांवरून कुणी हसलं तर मला बोलायला तोंड उरलेलं नाही. ते दात मी माझ्या हट्टापायी घालवले.

मी कमलनगरात शिक्षिका आहे. माझं माहेरही इथलंच आणि सासर दोन गल्ल्या सोडून. माझा एकुलता भाऊ माझ्याहून पुष्कळ लहान, गुलबर्ग्याला तुरीच्या व्यापारात. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलं. त्याच्या लग्नानंतर घरात लेकरू यायला फार वर्षं गेली आणि शेवटी मुलगा झाला तेव्हा मी शाळेत रडले, मुलांसमोर.

आमच्याकडं पहिलं लेकरू आजोळाहून बापाच्या घरी येतं ते आत्याच्या मांडीवर बसून. नाव तिनंच ठेवायचं, वाटेत तिनंच सांभाळायचं आणि उंबऱ्यात तिनंच त्याला आईच्या ओटीत घालायचं. माझी आत्या मला बैलगाडीतून घेऊन आली, आणि घरातला पहिला मुलगा म्हणून भावालाही तिच्याच मांडीवर जीपमधून येताना मी पाहिलंय. गाड्या बदलल्या, मांडी तीच राहिली. आता कार आली होती आणि कारमधली मानाची जागा म्हणजे पुढची, डायव्हरच्या शेजारची. तिथं मी लेकरू घेऊन बसणार, हे कुणाला विचारायची गरजच नव्हती.

भावजयीचं माहेर ठाणाकुशनूर. बाळंतपणाआधी ती गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात नर्स होती, अपघाताचे रोगी येतात त्या खोलीत. अबोल बाई. आम्ही न्यायला गेलो तर कारच्या मागच्या सीटवर एक काळी, खोलगट, पट्ट्या-पट्ट्यांची वस्तू बांधलेली, आणि तीही पाठमोरी. लेकराची सीट, भाऊ म्हणाला, तिनंच आणायला लावली.

विहीणबाईंनी ती बघून कपाळावर हात मारला. "अगं, लेकराचं तोंड मागं कामून? सासरी जायलेल्या माणसानं मागं वळून बघू न्हाई. आन ह्याला तर सगळ्या वाटंनं आजोळाकडंच बघत न्यायलीस!"

"असंच असतंय माय ते," भावजय म्हणाली. "मान कवळी असती त्याची. पाठीवर झेललं पाहिजे."

"आत्याची मांडी काय वाऱ्यावर पडली का?" हे मी म्हणाले. आवाज चांगला चढला होता माझा. अंगणात बायका जमलेल्या, हळदीकुंकू चाललेलं, सगळ्यांनी मान डोलावली. भावजय लेकराचं टोपडं बांधायला लागली. मला वाटलं, जिंकले.

विहीणबाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. अंगावर नवं इरकल. लेकरू मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसले, कुणीतरी फोटो काढले. पट्ट्यासाठी गाडी टिंगटिंग करत होती. इरकलावर पट्टा कोण घेतो, म्हणून मी तो पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवला आणि वर टेकून बसले. गाडी गप्प झाली. ही युक्ती मला भावानंच शिकवली होती, पोलिसांसाठी नाही, त्या आवाजासाठी. मग कुंकू नीट करायला समोरची उन्हाची झडप खाली ओढली. तिच्यावर आरसा होता आणि आरशाशेजारी एक पिवळं चित्र, सीटवर बाळ, समोरून फुगलेला गोळा आणि त्यावर लाल फुली. मी ते बघितलं. 'चित्र पाहा आणि सांगा' हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवतेय. मी कुंकू नीट केलं आणि झडप वर ढकलली.

गाव संपता संपता, पानाच्या टपरीच्या वळणावर, मागून आवाज आला. "गाडी थांबवा."

भाऊ थांबला. त्याला वाटलं काही राहिलं असेल. भावजय उतरली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि लेकरू माझ्या हातातून घेतलं. मागितलं नाही, घेतलं.

"अक्का, तुमचा मान अंगणात झाला. आता रस्ता हाय."

"मी पाडीन का त्याला? ह्याच्या बापाला मी वाढवलंय!"

"तुम्ही पाडणार न्हाईत. तुमच्या हातातच ऱ्हाणार न्हाई ते. पट्टा बी नीट लावा."

टपरीवरचे दोघे बघत होते. माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. मागं लेकरू त्या काळ्या खोबणीत ओरडत होतं आणि ती शांतपणे एक एक पट्टी आवळत होती, पट्टी आणि छाती यांच्यात बोट जातंय का ते बघत होती. भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "जाऊ दे ना अक्का, अर्ध्या तासाची तर वाट हाय." पट्टा मी मुद्दाम तसाच ठेवला. रिकामी मांडी बघवेना, म्हणून ओटीतला नारळ खणात गुंडाळून दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि तोंड फुगवून बाहेर बघत बसले. त्या वेळी मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. शिक्षिकेला शोभणारं नव्हतं.

ऊन चांगलं होतं, रस्ता मोकळा. उसाच्या फडातून एक ट्रॅक्टर, मागं भरलेली ट्रॉली, एकदम रस्त्यावर आला. भावानं ब्रेक दाबला. मला ट्रॉलीबाहेर लोंबणारं उसाचं वाढं दिसलं, एवढंच आठवतं. फुगताना एअरबॅग मला दिसलीच नाही. लोकांना वाटतं उशी फुगते, आपण तिच्यावर डोकं टेकतो. तसलं काही नाही. डोळा मिटायच्या आत समोरचं झाकण फुटून ती येते आणि आल्यावर आधी मारते.

शुद्धीवर होते मी. गाडीत पांढरी धूळ, फटाके उडवल्यावर येतो तसला वास, कानात सुन्न. कुणाचाच आवाज नाही. मागचाही नाही. ते किती वेळ होतं मला सांगता येणार नाही. मला मान वळवता येत नव्हती, गळ्याचं हाड मोडलं होतं, आणि मला वळवायचीही नव्हती. मी समोर बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, रड रे, रड.

मग तो रडला. राग आल्यावर लेकरं रडतात तसा, ठणठणीत.

तेव्हा मी मांडीकडं पाहिलं. नारळ फुटला होता. एक भकल पायाशी पडलं होतं, दुसरं खणातच, माझ्या हनुवटीखाली रुतलेलं. पाणी आणि रक्त इरकलावरून वाहत होतं आणि ओटीच्या तांदळांत माझे दात होते. खणात गुंडाळलेला तो नारळ लेकराच्या डोक्याएवढा होता. हे मला तिथंच कळलं, दवाखान्यात नाही, कुणी समजावल्यावर नाही.

भावाला पट्ट्याचा काळानिळा वळ छातीवर आडवा, बाकी काही नाही. भावजयीलाही तसंच. लेकराच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पाठमोरा असल्यानं धक्का सगळा पाठीवर, सीटच्या टोपल्यात जिरला.

बिदरच्या दवाखान्यात ती माझ्या उशाशी बसली होती, लेकरू पाजत. मला बोलता येत नव्हतं. तीच बोलली, एवढं ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. "पट्टा लावून, मागं टेकून बसलेल्या मोठ्या माणसाला ती पिशवी वाचवती, अक्का. मांडीवरचं लेकरू म्हंजे तिच्या आन आपल्या मधी सापडलेलं. आन पिशवी नसली तर आपलंच अंग त्याच्यावर जातंय. असली लेकरं म्या हातात घेतल्यात. आयांच्या मांडीवरची." मग ती रडली आणि मी तिचा हात धरला. मला लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि ती आजही वाटते.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

मी घरी आले तर माझ्या आईनं नारळाची ती दोन भकलं देवघरात ठेवलेली. "नारळानं लेकरावरचं घेतलं," ती येईल त्याला सांगायची. "आत्याच्या मांडीवर व्हता म्हणून. न्हाईतर काय झालं असतं." शेजारणी भकलांना हात लावून डोळ्यांना लावायच्या. कुणाला सीट आठवत नव्हती. भावजयीचं नाव निघत नव्हतं. आणि मी? मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. फजितीची बाई एकदम पुण्यवान ठरली होती आणि तोंडाला पट्टी असल्यानं न बोलायला कारणही होतं. पट्टी निघाल्यावरही मी बोलले नाही.

बघता बघता ती रीत झाली. कमलनगरातून, आजूबाजूच्या खेड्यांतून बाळ घेऊन गाडी निघाली की पुढच्या सीटवर बसणाऱ्या बाईच्या मांडीवर खणात गुंडाळलेला नारळ द्यायचा. नारळही आणि लेकरूही. बाजारात जाताना मला अशा गाड्या दिसायच्या. काचेआड बाई, तिच्या छातीशी झोपलेलं टोपडं आणि मध्ये तो नारळ. दिसली की माझ्या हिरड्या ठणकायच्या.

गेल्या वर्षी माझी भाची, चुलतभावाची मुलगी, बाळंतपणाला इथं आली होती. माझ्याच वर्गात शिकलेली. तिला मुलगी झाली. न्यायला गुलबर्ग्याहून नवरा आणि नणंद आली, मोठी नवी गाडी घेऊन. सकाळची वेळ. अंगणात तीच गर्दी, तेच हळदीकुंकू. माझ्या आईनं स्वतःच्या हातानं नणंदेच्या ओटीत नारळ घातला आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं, लेकरू मांडीवर दिलं.

"लेकराला मागं घ्या," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणाले, तर नणंद हसून म्हणाली, "नारळ हाय की, अक्का. तुमचाच तर गुण हाय तो."

तेव्हा मी दात काढले. चारचौघांत, सगळ्यांसमोर, कवळी काढून तळहातावर धरली आणि तिच्या तोंडासमोर नेली. "हा नारळाचा गुण," मी म्हणाले. शब्द बोबडे आले, पण कळले. आईनं पदर तोंडाला लावला. मी आईच्या घरी जाऊन माळ्यावरून सीट आणली. आमच्या बाळासाठी भावजयीनं अपघातानंतर नवी घेतलेली, आता तो मोठा झाल्यानं आईनं तिच्यात मिरच्या वाळवून ठेवलेल्या. झटकली, पुसली, मागं पाठमोरी बांधली आणि लेकराला तिच्यात ठेवून एक एक पट्टी स्वतः आवळली. बोट घालून बघितलं. भाची शेजारी बसली. तिच्या नवऱ्यानं वाकून नमस्कार केला. "तुम्ही म्हणाल तसं, आत्या."

गाडी निघाली. मी दारात उभी होते, कवळी अजून मुठीत. बऱ्याच दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

गल्लीच्या टोकाला, वळणावर, गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली. मागचं दार उघडलं, भाची उतरली. तिच्या हातात टोपडं होतं. मग पुढचं दार उघडलं.

मी पळाले. अनवाणी, पन्नाशीची बाई, पदर रस्त्यावर. ओरडत होते, पण दात मुठीत होते आणि तोंडातून नुसती हवा निघत होती. दोन्ही दारं लागली. दिवे विझले. मी वळणावर पोचले तेव्हा गाडी मोठ्या रस्त्याला लागली होती.

दुपारभर मी फोन मांडीवर घेऊन बसले. जेवले नाही. भावजयीला फोन केला, तिनं फक्त गाडी किती वाजता निघाली ते विचारलं. चार वाजता भाचीचा फोन आला.

"पोचलाव, आत्या. नणंदबाईंला वाईट वाटायलतं म्हणून घेतलं पुढं. बघा, झालं का काही? न्हाई ना? उगी जीव खाल्लात तुम्ही."

मागं लेकरू खिदळत होतं. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. आता तिच्याकडं पुरावा आहे. दर रविवारी ती मुलगी त्याच सीटवर, त्याच मांडीवर बसून फिरायला जाते, आणि भाची मला फोटो पाठवते.