लढाईला गेलेला हिरडा

आईच्या दशक्रियेला नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणं झाली. आमच्या भागात ती होतातच. माईक लागतो, पुढारी येतात. त्या दिवशी आलेल्या पुढाऱ्यांनी आईला कधी पाहिलंही नव्हतं. कानात कुणी सांगितलं तेवढ्यावर ते बोलले, "दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या शूर जवानाची ही भगिनी."

माझा थोरला मामा त्या युद्धात गेला होता, हे खरं. शाळेत दर पंधरा ऑगस्टला त्याचं नाव घेत. ते मी घरी येऊन सांगितलं की आई भाकरी थापता थापता म्हणे, "त्यो गेला तवा आमी काय झोपा काढत व्हतो?"

आईचं माहेर घाटघरकडचं. लढाईच्या वर्षांत ती बारा-तेरा वर्षांची होती. व्यापाऱ्याची माणसं डोंगरात येऊन सांगून गेली, सरकारला हिरडा पाहिजे, मिळेल तेवढा. पोरी झाडांवर चढून फांद्या झोडपत, बायका खाली वेचत, कातळावर वाळवत. मग पाट्या डोक्यावर घेऊन सगळ्या जुन्नरच्या वाटेला लागत. हिरडा फोडून फोडून हात काळे पडत, ते महिनोन् महिने उजळत नसत.

घरात हिरडा पोटदुखीवर उगाळत. त्यामुळे बायकांनी सरळ अर्थ काढला: सैन्याची पोटं बिघडली आहेत. "लई खात आसतील गोरं, दुसरं काय!" असं म्हणून त्या हसत. आई मात्र मामाच्या काळजीनं एक पाटी जास्त भरी.

नव्वदच्या दशकात मी घोडेगावला शिक्षिका होते. तिथल्या वाचनालयात एका पुस्तकात वाचलं, हिरड्यानं कातडं कमावतात. युद्धात सैनिकांच्या बुटांसाठी तो लागत असे. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं आपले तळहात उलटून पाहिले. मग म्हणाली, "म्हंजी त्यो आमच्या जिवावर चालला." आणि थोड्या वेळानं, "मंग शाळेत आमचं नाव का न्हाई घेत?"

मी शाळेत विचारीन म्हणाले. विचारलं नाही. माझ्या भिडस्त स्वभावाला मी तेव्हा समंजसपणा म्हणत असे.

त्या दिवशी नदीकाठी मी उठून माईकपाशी गेले. धाकट्या भावानं पदर ओढला. "आक्का, खाली बस. लोक काय म्हणतील?"

मी हिरड्याचं सगळं सांगितलं. 

पुढारी हसले. "ताई, मान आहेच. पण हिरडा वेचणं वेगळं आणि लढणं वेगळं."

"वेगळंच," मी म्हणाले. "लढायला गेलेला मामा परत आला. आईची चुलत बहीण हिरड्याच्या झाडावरून कातळावर पडली. ती घरी आली नाही."

बायकांच्या घोळक्यातून आईच्या माहेरची एक म्हातारी ओरडली, "खरं हाय! मी व्हते तिथं. माझ्या मांडीवर गेली ती!"

मी माईक पुढाऱ्यांच्या हातात दिला. "आता परत बोला. भगिनी नको. तिच्या नावानं बोला."

त्यांना आईचं नाव माहीत नव्हतं. सगळ्यांसमोर त्यांना ते मला विचारावं लागलं. मी सांगितलं, मग त्या पडलेल्या मुलीचंही सांगितलं. दोन्ही नावं त्यांच्या तोंडून माईकवर येईपर्यंत मी जागची हलले नाही.